चौथ्या खडकावरची हळद

हैदराबादला मजा करायला जाणार असाल तर जरूर जा. खा, हिंडा, मोत्यांची दुकानं बघा आणि परत या. काम घेऊन मात्र जाऊ नका. मी सात वर्षांपूर्वी काम घेऊन गेले आणि तेव्हापासून दसऱ्याच्या सुट्टीत जात राहिले. प्रत्येक वेळी परतीच्या गाडीत बसल्यावर आता पुन्हा इथं पाऊल ठेवायचं नाही अशी शपथ घेतली. यंदाची खेप शेवटची होती, म्हणजे तसं ठरलं तरी होतं.

आधी काम काय ते सांगते. ऐकताना लोकांना जांभया येतात, पण त्याशिवाय पुढचा वैताग कळायचा नाही. मी पुण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दगडफुलावर पीएच.डी. करते आहे. दगडफूल म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडतं ते, काळपट, चुरगळलेल्या कागदासारखं. ते फूल नाही, आणि खरं तर एक जीवही नाही. बुरशी आणि शैवाल असे दोन जीव तिथं एकत्र राहतात. बुरशी दगडाला धरून राहते, ओल साठवते, उन्हापासून आडोसा करते. शैवाल त्या आडोशाला बसून उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. वेगवेगळे ठेवले तर उघड्या खडकावर दोघांचाही टिकाव लागत नाही.

हैदराबादच्या पश्चिमेला, रायदुर्गाच्या बाजूच्या माळावर ग्रॅनाइटचे घराएवढाले खडक एकावर एक बसलेले आहेत. होते म्हणायला हवं, पण ते पुढे येईलच. त्यातले चार खडक मी निवडले. प्रत्येकावर एक चांगलं वाढलेलं दगडफूल, त्याच्या चार कोपऱ्यांना तांबड्या ऑइलपेंटचे चार ठिपके. दर वर्षी जायचं, पारदर्शक प्लास्टिक ठिपक्यांवर बसवायचं, दगडफुलाची कड पेनानं गिरवायची आणि घरी येऊन आधीच्या रेघेशी ताडून बघायची. दगडफूल इतकं सावकाश वाढतं की दोन वर्षांच्या दोन रेघांत कधी कधी नखाच्या जाडीएवढंच अंतर सापडतं.

मागच्या वर्षी आईच्या आजारपणात जाता आलं नाही. माझे मार्गदर्शक सर येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार, आणि दोनदा वाढवून घेतलेली माझी मुदतही तेव्हाच संपणार. यंदाची रेघ मिळाली तर प्रबंध पुरा, नाही तर सात वर्षांच्या सुट्ट्या पाण्यात. कॉलेजातल्या मुली मला पाठीमागे दगडफूलबाई म्हणतात हे मला ठाऊक आहे. डॉक्टर दगडफूलबाई म्हणाल्या असत्या तर माझी काही हरकत नव्हती.

जामबाग

रेल्वेचं काही सांगत नाही. रात्रभर बसलं की कुणीही पोचतं.

जामबागेत माझा मामेभाऊ राहतो, वामनदादा. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. वकिली सोडून दोन वर्षं झाली, पण बोलणं अजून कोर्टातलंच आहे. त्याच्या आजोबांपासून मंडळी इथं स्थायिक. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात परभणीची लकब असते, मधूनच उर्दू येते आणि भाजीवाल्याशी तेलुगू. मी येणार असल्याचं पत्र गेलं होतं. त्याचं उत्तरही आलं होतं, ‘खडक सुखरूप आहे. काळजी नसावी.’ त्या वाक्यातलं एकवचन तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मास्तरीणबाई म्हणवते आणि पत्र नीट वाचत नाही.

"दादा, खडक कसे आहेत?" मी दारातच विचारलं.

"अगं, आधी पाणी तर पी. खडक कुठं पळून जायलेत का?"

पुण्यात वाईट बातमी पाहुण्यानं चपला काढायच्या आत सांगून मोकळे होतात. हैदराबादेत उपाशी माणसाला वाईट बातमी देणं हा असभ्यपणा समजतात. आधी चहा, मग आंघोळ, मग जेवण, जेवणावर पान, पानावर झोप. एवढं होऊनही पाहुण्याचा चेहरा दमलेला दिसला तर बातमी उद्यावर ढकलायची. ही रीत मला लहानपणापासून माहीत आहे आणि तरी मी दर वेळी तिला फसते.

जेवायला तीन वाजले. सुमनवहिनींच्या हाताला चव अशी आहे की रागावून बसणं अवघड होतं. चिंच घातलेली खट्टी दाळ, तिळकूट भरलेली वांगी, अंबाडीची भाजी, वर जर्दाळूचं गोड. वांग्यांच्या रश्श्याला तो वास होताच. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "हौ, दगडफूल घातलंय. तुझ्या खडकावरचं थोडं खरवडून आण म्हणत होते मी ह्यांना, तर अंगावर आले माझ्या."

मी त्यांना ते दोन जीवांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पोळी वाढता वाढता ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्यासारखंच म्हण की. घर ह्यांचं, चूल माझी."

"वहिनी, त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काही जण सहजीवन म्हणतात. काही म्हणतात, बुरशीनं शैवालाला डांबून ठेवलंय."

"वाद कशाला घालायचा? शैवालाला विचारा की."

दादा ताटात बघून हसला. एरवी तो अशा वेळी दोन तास उलटतपासणी घेतो. मी पुन्हा खडकांचं काढलं, तर म्हणाला, "आज परेशान नको होऊ. उद्या बघू." आणि पान लावायला उठला.

आबिड्स

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तयार होऊन बसले. दादा आठला उठला. मग कळलं की माझं काचेवर लिहायचं पेन वाळून गेलंय. दादाला एवढा आनंद झाला की त्याचा मला संशय यायला हवा होता. "आबिड्सला चल. तिथं सगळं मिळतंय. आजचा दिवस त्यातच गेला समज."

एका पेनासाठी आम्ही पाच दुकानं फिरलो. प्रत्येक दुकानदार दादाचा अशील किंवा अशिलाचा मुलगा. प्रत्येकानं बसवलं, चहा मागवला, पुण्याची हवा विचारली. पेन आहे की नाही हे चहा संपल्यावर सांगितलं. चौघांकडे नव्हतं. पुण्याचा दुकानदार मान वर न करता ‘नाही’ म्हणतो आणि आपण सुटतो. त्याची किंमत मला त्या दिवशी कळली.

आबिड्स ओळखू येत नव्हतं. देशाचा बाजार परदेशी मालाला उघडून चार-पाच वर्षं झाली होती. जिथं शाईच्या बाटल्या दिसायच्या तिथं परदेशी पेनं काचेत लटकत होती. रंगीत टीव्हीच्या दुकानासमोर रस्त्यातच माणसं उभी राहून कुठल्याशा देशातलं टेनिस बघत होती. एसटीडीच्या बूथवर रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण मागच्याला ऐकू जाईल अशा आवाजात प्लॉटचे भाव सांगत होता. पाचव्या दुकानात पेन मिळालं. गल्ल्यावर गुळगुळीत कागदाची पत्रकं ठेवली होती, त्यातलं एक मी चाळा म्हणून उचललं.

नव्या वसाहतीचा नकाशा होता. ‘सपाट प्लॉट, एकही खडक नाही’ असं वर ठळक छापलेलं. खाली तळं दिसलं, तळ्याकडे जाणारी वाट दिसली, जुनं कौलारू पोलीस ठाणं दिसलं. मी सहा वर्षं त्या वाटेनं चालले होते. माझ्या पहिल्या खडकाच्या जागी पोहण्याचा तलाव होता आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या जागी क्लबहाउस.

"दादा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की दुकानदारानं पाणी मागवलं.

दादानं मला शेजारच्या इराण्याकडे नेलं, चहा आणि बिस्किटं मागवली, आणि मी एक बिस्किट खाल्ल्याखेरीज तोंड उघडलं नाही. मग एकदम सगळं बोलून टाकलं. मागच्या दिवाळीनंतर सुरुंग सुरू झाले. हा कळल्यावर धावत गेला तेव्हा तिघांची खडी झाली होती. यानं दोन कचेऱ्यांत दरखास्त दिली. एका कचेरीनं कळवलं की झाड तोडायला परवानगी लागते, दगडाला लागत नाही. दुसरीनं विचारलं की अर्जदाराचा दगडाशी संबंध काय.

"मी लिहिलं, माझ्या बहिणीचा आहे. सात वर्षांचा. त्यावर जवाबच नाही."

"आणि मला का नाही कळवलंस?"

"आत्याबाई आजारी. तू परेशान. तुला अजून कशाला त्रास द्यायचा?" त्यानं बशीत चहा ओतला. "पण चौथा आहे. चौथ्याला हात लावू दिला नाही मी. असा बंदोबस्त केलाय की सुरुंगवाले जवळ यायलेच नाहीत."

"कसला बंदोबस्त?"

"उद्या बघशील की."

मला तिथंच रडू येत होतं. पण एक तरी खडक शाबूत होता. एका खडकाच्या जोरावर प्रबंध रडतखडत उभा राहिला असता; सरांनी पूर्वीच तसं म्हणून ठेवलं होतं. मी उरलेली बिस्किटंही खाल्ली आणि दादाचे आभार मानले. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी मी त्याला जे बोलले ते आभाराच्या अगदी उलट होतं.

माळ

तिसऱ्या दिवशी रिक्षानं निघालो. शहर संपायचं तिथं आता संपत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या ग्रॅनाइटचे पांढरे डाग, लाल झेंड्या, खडीचे ढीग. दोनदा शिट्टी वाजली आणि रिक्षावाल्यानं आपणहून रिक्षा थांबवली, धूळ खाली बसल्यावर पुन्हा चालू केली. त्याला सवय झालेली दिसली.

चौथा खडक जागेवर होता. दोन पुरुष उंच, डोक्यावर दुसरा गोलसर दगड पेललेला, आणि मधल्या भेगेतून वर आलेली सीताफळाची झाडं. भोवतालचा सगळा माळ खरवडून सपाट केलेला, आणि मधोमध हा एकटा. मला इतकं बरं वाटलं की मी पळत सुटले.

पुढची बाजू हळदीनं माखली होती. हाताच्या बोटांएवढा जाड थर होता तो, पुन्हा पुन्हा लिंपलेला. त्यावर कुंकवाचे मोठे टिळे, तेलाचे ओघळ, कडुलिंबाच्या डहाळ्या. खाली नारळाच्या करवंट्या. मी माझे चार ठिपके शोधले. चारही सापडले, कारण हळद नेमकी त्या चार ठिपक्यांच्या आत लावली होती. इतकी नेमकी की कोपरे काटकोनात आले होते.

"हे तू केलंस?"

"हौ." दादा लाजत म्हणाला. "कायद्यानं भागत नव्हतं. मग देवी बसवली. देवीला सुरुंग लावायची छाती नाही इथं कुणाची."

"पण इथंच का? एवढा खडक पडलाय!"

"तुझं काम त्या चौकोनातच नाही का? वाचवायचं तेच होतं, मग दुसरीकडे लावून काय उपयोग?"

मी कपाळाला हात लावून खाली बसले. वर्षभर अंधारात आणि तेलात! शैवालाला ऊन नाही, म्हणजे स्वयंपाक बंद. स्वयंपाक बंद म्हणजे बुरशी उपाशी. शाळेतल्या पोराला कळेल ते माझ्या वकील भावाला कळलं नव्हतं. मी तोंडाला येईल ते बोलले. तू वकील आहेस की पुजारी म्हणाले. सुरुंग परवडला असता म्हणाले. चाळीस वर्षं वहिनींच्या देवपूजेची टिंगल केलीस आणि शेवटी पूजा केलीस ती माझ्या प्रबंधाची, असंही म्हणाले. दादा छत्री टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "सुमनही हेच म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हळद आणलीत, आणि ती दगडासाठी."

एक म्हातारी खडकामागून आली. कडेवर टोपली, टोपलीत सीताफळं. दादानं सांगितलं, ही मल्लम्मा. पलीकडच्या वस्तीतली, पूर्वीपासून या माळावरची फळं विकते. ती मला नीट न्याहाळून म्हणाली, "वकीलसाब की बहन? फूल लाए क्या? बतुकम्मा आ गई ना." बतुकम्मा म्हणजे दसऱ्याच्या सुमाराचा तिकडचा फुलांचा सण. माझ्याकडे फुलं नव्हती. तिच्याकडे होती, तरवडाची पिवळी आणि कुरडूची पांढरी. तिनं ती खडकाशी ठेवली आणि हात जोडले. दादानं देवी खोटी बसवली असेल, पण मल्लम्माच्या लेखी त्यात खोटं काही नव्हतं.

मग तिनं आपलं गाऱ्हाणं सुरू केलं. सपाट केलेल्या जागेच्या कडेला तिची जुनी झाडं अजून उभी आहेत, फुलतातही, पण फळ धरत नाही. "फूल आता, फल नई आता. नजर लगी क्या, अम्मा?" वैतागलेली असले तरी मी शिक्षिका आहे. मी तिला सांगितलं की सीताफळाच्या फुलात बारीक किडे शिरतात आणि तेच फळ धरवतात. ते किडे राहतात झाडाखालच्या पाचोळ्यात, सडक्या फळांत. प्लॉटवाल्यांनी पाचोळा झाडून जाळला, किडे गेले, फळ गेलं. या खडकाच्या भेगेत मात्र सगळं अजून आहे. आधी दगडफुलानं दगड झिजवला, मग शेवाळ आलं, मग चिमूटभर माती साठली, आणि त्या मातीत तिची झाडं उभी राहिली.

मल्लम्मानं विचार केला. "तो सब अम्मा का ही है," ती म्हणाली आणि हळदीकडे बोट दाखवलं. मी वाद घातला नाही.

मी घरून आणलेला मऊ ब्रश आणि पाण्याची बाटली काढली. दादा म्हणाला, "कुंदे, धुऊ नकोस. कुणी बघितलं तर?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या कोपऱ्यापासून थेंब थेंब पाणी सोडत हळद भिजवली आणि ब्रशनं हलके हलके उचलली. मधला भाग गेलेलाच होता, पिवळा पडून कुजलेला. पण डाव्या कडेला, जिथं खडकाला जरा बाक आहे आणि हळद नीट चिकटली नव्हती, तिथं करड्या-हिरव्या पाकळ्या निघाल्या. ओल्या झाल्यावर त्यांचा रंग खुलला. कडेला पांढरी किनार होती. दगडफुलाची किनार पांढरी असेल तर ते वाढतं आहे असं समजायचं. इतकं लिंपूनही ते मेलं नव्हतं.

मी दादाला हाक मारली. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "जिंदा आहे की गं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा सगळा राग त्या क्षणी निवला. उरलेली बाजू धुतली असती तर आणखी दोन ठिकाणी किनार मिळाली असती. पूर्ण नाही, तरी मोजता येण्याजोगी कड. मी प्लास्टिक ठिपक्यांवर बसवलं, नवं पेन उघडलं आणि गिरवायला लागले. फोटोवर भागलं असतं तर मी सात वर्षं हा खटाटोप केला नसता. नखाच्या जाडीचं अंतर फोटोत मोजता येत नाही. एकचतुर्थांश कड झाली असेल, तेवढ्यात मागून कुणी खोकललं.

डोक्याला फडकं बांधलेला, पन्नाशीचा, हातात लाल झेंडी असलेला माणूस उभा होता. दादानं ओळख करून दिली: यादय्या, सुरुंगवाल्या टोळीचा मेस्त्री. त्यानं दादाला सलाम केला, खडकाला केला, आणि धुतलेल्या जागेकडे बघत राहिला.

"अम्मा कौन?"

"माझी बहीण. पूना की. कॉलेज में पढ़ाती."

यादय्या माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "अम्मा, एक बात पूछतूं. साब बोल रे, ये देवी-वेवी कुछ नई. वकीलसाब खुद पसुपु पोत के गए, पत्थर बचाने कू. कल सुबू सुरंग लगा दे, बोले." साब म्हणजे त्याचा मालक, पसुपु म्हणजे हळद. "मैं नई लगाया तो मेरा काम जाता. लगाया और सच्ची की देवी निकली तो मेरे बच्चों का क्या होता? वकीलसाब कू पूछा तो वो हौ बोलते. वो तो बोलेंगेच. आप पढ़े-लिखे, बाहर के. झूठ कैकू बोलते. ये देवी है क्या?"

दादा लांब खडीच्या ढिगाकडे बघत होता. मल्लम्मा माझ्याकडे बघत होती. पहिल्या तासाला मी दर वर्षी फळ्यावर लिहिते की डोळ्यांनी दिसलं तेवढंच वहीत लिहायचं. माझ्या एका हातात ब्रश होता आणि दुसऱ्या हातात पेन.

"हौ," मी म्हणाले. "देवी है."

यादय्यानं श्वास सोडला, पण तो काही दुधखुळा नव्हता. "तो धोये कैकू?"

"दसरा आया ना. नहला रही थी."

"और ये पिलास्टिक?"

मल्लम्मा पुढे आली. "अम्मा कू ओढाने लाए. पूना में ऐसाच करते. तेरे कू क्या मालूम?"

"तो अब पसुपु लगाओ, अम्मा," यादय्या म्हणाला. "मेरे सामने लगाओ. मैं साब कू बोलतूं, आँखों से देखा, पूना की अम्मा आ के पूजा करी. वो भी डरते, ऊपर से बोलते नई."

मल्लम्मानं कनवटीची पुडी सोडली, माझ्याच बाटलीतलं पाणी घालून तळहातावर हळद कालवली आणि माझ्यापुढे धरली. दोन मिनिटं थांब, एवढी कड गिरवते, असं म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर देवी तिथंच संपली असती. मी प्लास्टिक काढून गुंडाळलं. ओल्या पाकळ्या उन्हात चमकत होत्या, इतक्या ताज्या मी त्या सात वर्षांत बघितल्या नव्हत्या. ओलं दगडफूल एकदा ब्रशनं साफ करता येतं; त्यावर पुन्हा लिंपून पुन्हा धुतलं की कड फाटते, मग मोजायला काही उरत नाही. हे त्या चौघांत मला एकटीलाच माहीत होतं.

मी हळद घेतली आणि लावली. मधोमध लावून सुटावं असं मनात आलं, पण यादय्यानं डावीकडे बोट दाखवलं, "इधर छूटा, अम्मा." तिथंही लावली. पांढरी किनार माझ्या बोटांखाली गेली. मल्लम्मानं वर कुंकू लावलं. यादय्यानं झेंडी बगलेत धरून डोकं टेकलं, खडकाच्या बुडाशी खडूनं काढलेली सुरुंगाची फुली फडक्यानं पुसून टाकली आणि आमच्याकडे वळून न बघता निघून गेला.

मी मल्लम्माला हात धरून खडकाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं दुसरी दगडफुलं होती, लहान, माझ्या कामाची नसलेली. तिला सांगितलं, यापुढे हळद पुढेच लावायची, आणि पाचोळा झाडायचा नाही, ही बाजू अम्माची पाठ आहे. ती म्हणाली, "पीठ कू कौन पसुपु लगाता?" आणि मला दोन सीताफळं दिली.

"चल," दादा म्हणाला. "सुमन जेवायची थांबली असेल."

मी रिक्षात बसले आणि जामबाग येईपर्यंत रडले. दादानं मधे एकदा आपला रुमाल पुढे केला. त्यालाही हळद लागलेली होती.

पुणे

सरांनी प्रबंधाचा शेवटचा तक्ता दोनदा वाचला. चार ओळी, आणि चारही ओळींत यंदाचा रकाना रिकामा. मी सोबत पाव रेघ असलेलं प्लास्टिक ठेवलं होतं. ते त्यांनी उजेडाला धरून बघितलं आणि परत दिलं.

"याला माप म्हणत नाहीत."

"माहीत आहे, सर."

"तीन खडक फुटले, हे समजू शकतो. चौथा तर जागेवर आहे म्हणतेस. मग? मुदत वाढवून मागायची तर कारण लिहावं लागतं." त्यांनी टोपण काढून पेन कागदावर टेकवलं. "पाऊस होता?"

"नाही."

"तब्येत बिघडली?"

"नाही, सर."

सर आयुष्यात कधी देवळात गेलेले नाहीत. प्रयोगशाळेतल्या शिपायानं खंडेनवमीला सूक्ष्मदर्शकाला हार घातला तर तो काढून खिडकीबाहेर टाकतात. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "मोजायला म्हणून इतक्या लांब गेलीस. खडकासमोर उभी होतीस. मग त्या वेळी तू करत तरी काय होतीस?"

"पूजा करत होते, सर."